लाटेची वाट बघता बघता: कोकण-गोव्याच्या सर्फरने समुद्रासाठी काय करावं

मे संपत आला की मांद्रे-आश्व्याच्या किनाऱ्यावर पाण्यातून बाहेर येणारे सर्फर एकमेकांच्या तळपायांकडे बघू लागतात. तळपायावर, बोर्डच्या कडेला, लीशच्या (बोर्ड पायाला बांधायच्या दोरीच्या) पट्ट्यावर काळे चिकट ठिपके असतात. हे डांबरगोळे. समुद्रात सांडलेलं किंवा जहाजांच्या टाक्या धुताना सोडलेलं तेल ऊन, वारा आणि लाटा खाऊन घट्ट होतं आणि नैर्ऋत्य वारे सुरू झाले की पश्चिम किनाऱ्यावर येऊन लागतं. पहिल्या वर्षी मी ते रॉकेलने पुसले. बोर्डही खराब झाला आणि कातडीही. खोबरेल तेलाने ते सहज निघतात, हे शेजारी जाळं विणत बसलेल्या काकांनी सांगितलं. आणि मग विचारलं, "आज किती मोठे होते?"

मला सांगता आलं नाही. तासभर पाण्यात असून मी ते बघितलेच नव्हते.

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. सर्फिंगच्या एका तासात प्रत्यक्ष लाटेवर उभं राहण्याचा वेळ मोजला तर जेमतेम दोन-चार मिनिटं भरतील. उरलेला वेळ बोर्डवर बसून क्षितिजाकडे बघण्यात जातो. रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) आणि जीवरक्षक सोडले तर किनाऱ्याकडे इतका वेळ, इतक्या नियमाने बघणारं दुसरं कोणी नाही. पर्यावरणपूरक सर्फिंगचे बहुतेक सल्ले मेणापासून (पाय घसरू नये म्हणून बोर्डवर घासतात ते) सुरू होतात आणि बांबूच्या दातघासणीपाशी संपतात. मेणाचंही सांगेन, पण बरंच पुढे.

पहिलं काम: एकच किनारा धरा आणि पायी फिरा

पाच किनारे थोडे थोडे ओळखण्यापेक्षा एक पुरता ओळखा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमाराची मोठी ओहोटी निवडा, कारण त्या दिवशी एरवी पाण्याखाली असलेलंही उघडं पडतं. बोर्ड घरी ठेवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. कागदावर साधा नकाशा काढा. ओहोळ किंवा नाला कुठे मिळतो, कुठल्या शॅकच्या किंवा हॉटेलच्या मागून पाइप येतो, वाळूच्या टेकड्या कुठे शाबूत आहेत आणि कुठे त्यातून रस्ता पडला आहे, होड्या कुठे ओढून ठेवतात, रापण कुठे लागते, कासवांच्या घरट्यांची जागा कुठली, हे सगळं त्यावर यायला हवं.

हे करताना माणसांशी बोला. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी अर्धवर्तुळ करत ते सोडते आणि दोन्ही टोकांचे दोर तीस-चाळीस माणसं ओढतात. त्या अर्धवर्तुळात शिकाऊ सर्फरांचा घोळका शिरला तर मासळी तर जातेच, कुणाचा पायही दोरात अडकू शकतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी "काकानू, आज रापण खंय?" एवढं विचारायची सवय लावा. मी हा शिष्टाचार म्हणून सांगत नाही. किनाऱ्यावर पुढे तुम्ही जे काही कराल, त्याला गावाची साथ मिळणार की "हे कोण आले शहाणे" म्हणून तोंडं फिरणार, हे इथेच ठरतं.

दुसरं काम: वही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि लोक सगळ्यात आधी सोडतात तेही हेच. ॲप नको, साधी वही पुरे. पाण्यातून आल्यावर अंग पुसायच्या आधी पाच ओळी लिहायच्या:

तारीख, वेळ आणि तिथी (तिथी लिहिली की भरती-ओहोटीचा अंदाज आपोआप येतो).
वारा कुठून, लाट साधारण किती.
पाण्याचा रंग आणि वास. नाल्याच्या तोंडाशी फेस, तवंग किंवा काळपट पट्टा आहे का.
भरतीच्या रेषेवर काय लागलं आहे: जाळ्याचे तुकडे, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), बाटल्या, थर्माकोल, डांबरगोळे. डांबरगोळे असतील तर शेजारी नाणं ठेवून फोटो.
जिवंत-मेलेलं काय दिसलं: कासव, डॉल्फिन, जेलीफिश, पक्षी.

शिवाय एक फोटो, दर वेळी एकाच जागेवरून आणि एकाच दिशेने. एखादा खांब, माडाचं झाड, देवळाची पायरी अशी न हलणारी खूण धरा. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समध्ये २०१७ पासून कोस्टस्नॅप नावाचा उपक्रम चालतो. किनाऱ्यावर फोन ठेवायची एक चौकट रोवलेली असते. येणारा-जाणारा त्यात फोन ठेवून फोटो काढतो आणि त्या फोटोंवरून शास्त्रज्ञ वाळू किती सरकली ते मोजतात. चौकट नसली तरी तत्त्व तेच. भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा १९९० ते २०१८ या काळातला जो सरकारी अभ्यास झाला, त्यात ३३.६ टक्के किनारा कमी-अधिक झिजत असल्याचं निघालं. पण तुमच्या गावातली कुठली शंभर पावलं झिजली, हे उपग्रहापेक्षा तुमच्या बारा महिन्यांच्या फोटोंत जास्त स्पष्ट दिसेल.

वहीचा खरा उपयोग तक्रार करायच्या दिवशी कळतो. "इथे नेहमी घाण पाणी येतं" या वाक्याला कार्यालयात किंमत नाही. "ऑक्टोबर ते जानेवारी या काळात एकोणीस वेळा, बहुतेक सोमवारी सकाळी, या जागेच्या अक्षांश-रेखांशावर काळं पाणी दिसलं, फोटो सोबत" या वाक्याला आहे. सोमवार का, हा प्रश्नही मग आपोआप पुढे येतो.

तिसरं काम: कचरा, पण डोळे उघडे ठेवून

एका ऑक्टोबरात आम्ही सहा जणांनी दोन तासांत अकरा गोणी कचरा गोळा केला. फोटो काढले, गोणी रस्त्याकडेला रचल्या आणि नाश्त्याला गेलो. गाडी येईल असं आम्ही गृहीत धरलं होतं. ती आली नाही. रात्री कुत्र्यांनी गोणी फाडल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याने निम्मा माल परत पुळणीवर. म्हणून पहिली पायरी किनाऱ्यावर नाही, पंचायतीत किंवा नगरपरिषदेत: कचरा कोण, कधी, कुठून उचलणार हे ठरल्याशिवाय मोहिमेची तारीख जाहीर करू नका. वर्सोव्यात ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शहा यांनी सुरू केलेलं काम टिकलं ते आठवड्यामागून आठवडे चालू राहिल्यामुळे. वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनाला जरूर जा, पण उरलेल्या एकावन्न शनिवारांचं काय ते आधी ठरवा. माझा हिशेब सोपा आहे: दर वेळी पाण्यातून येताना हातात मावेल तेवढं.

वेळ निवडताना भरतीची उतरती धरा. "समुद्र पोटात काही ठेवत नाही" असं आपल्याकडे म्हणतात. तो परत देतो, पण पुढच्या भरतीला पुन्हा घेऊनही जातो. मधले चार-पाच तास तुमचे.

काय उचलू नये, हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. वाहून आलेलं लाकूड, समुद्री शेवाळ, शंख-शिंपले तिथेच राहू द्या. शेवाळाच्या त्या कुजक्या ओळीत किडे असतात, किड्यांवर चिखल्या पक्षी जगतात आणि खेकड्यांचंही पोट त्यावरच. शिवाय तो पाला वाळू धरून ठेवतो. "किनारा चकाचक" करणारं यंत्र हे सगळं खरवडून नेतं, आणि कासवाच्या घरट्यांच्या किनाऱ्यावर तर असलं यंत्र फिरवूच नये.

जाळ्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. पाण्यात तरंगणारं जाळं दिसलं तर बोर्ड वळवा आणि लांब जा. तुमच्या पायाला लीश आहे. लीश जाळ्यात गुंतली आणि वरून लाट आली तर सुटणं अवघड असतं. शूरपणा करून ते ओढत आणायला जाऊ नका. जागा लक्षात ठेवा, जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला सांगा. शिवाय ते टाकून दिलेलं आहे की कुणी लावलेलं आहे, हे तुम्हाला बोर्डवरून कळत नाही. तरंगणाऱ्या बोयांची सरळ ओळ असेल तर ते बहुधा कुणाच्या तरी रोजीरोटीचं आहे. वाळूत अर्धवट गाडलेलं जाळं मात्र आपलं काम. तेही ओढू नका. ओढलं की वरचा तुकडा तुटून हाती येतो आणि खालचा आत राहतो. फावड्याने बाजूने खणा, बळकट सुरीने तुकडे करा, आत काही जिवंत आहे का ते आधी बघा. तंगूस वेगळा गुंडाळून बाटलीत भरा, नाहीतर कचऱ्याच्या ढिगातही तो पक्ष्यांच्या पायात अडकतच राहतो.

डांबरगोळे हाताने उचलू नका. हातमोजे, जुना पत्र्याचा डबा, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायचं नाही. वाळूत खड्डा करून पुरणं म्हणजे काम झाल्याचा नुसता भास. पुढच्या उधाणाला ते वर येतात.

मसुरीएवढे पांढरट, पारदर्शक दाणे दिसले तर तेही टिपा. हा कच्च्या प्लास्टिकचा माल. २५ मे २०२५ ला केरळजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनरसह बुडालं, तेव्हा असे दाणे केरळच्या किनाऱ्यांवर पसरले होते. सगळे वेचणं अशक्य असतं. एक फूट बाय एक फुटाचा चौकोन आखून त्यातले मोजा आणि आकडा वहीत लिहा. महिन्याभराने त्याच जागी पुन्हा मोजा.

चौथं काम: वाळूच्या टेकड्या आणि कासवं

पुळणीच्या मागे जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसते. नाव किती नेमकं! समुद्राने इथवरच यावं, अशी मर्यादा. तिच्या आणि रावणाच्या मिशांच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते. बोर्ड डोक्यावर घेऊन तिच्यातून "जवळचा रस्ता" पाडणारे सर्फरच असतात, हे कबूल करू. एक वाट ठरवा आणि सगळ्यांनी तीच वापरा. बोर्ड वेलीवर वाळत टाकू नका. वाळूच्या टेकड्या २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत सर्वात संवेदनशील गटात येतात. सुशोभीकरणासाठी त्या सपाट करायला मनाई आहे. तेव्हा कुणी जेसीबी लावला तर तो "त्याच्या जागेतला" प्रश्न राहत नाही.

ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात: गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, महाराष्ट्रात वेळास, आंजर्ले आणि कोकणातले कितीतरी किनारे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावाला सोबत घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. पूर्वी जिथे अंडी खाल्ली जात, तिथे आज लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांत बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात. त्यांच्या हिशेबाने उजेड म्हणजे समुद्र. शॅकचा दिवा मागे असेल तर ती उलटी चालतात. म्हणून या महिन्यांत रात्री शेकोटी, हेडलॅम्प, किनाऱ्यावर गाडी, चांदण्यातलं "नाईट सर्फ" हे सगळं बंद. पहाटे उतरणार असाल तर आधी वाळू बघा. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग समुद्रातून वर येऊन परत गेलेला दिसला तर त्यावर पाय न देता वनखात्याच्या माणसाला कळवा.

पावसाळ्यात जखमी कासवं किनाऱ्याला लागतात. अनेकांचा वल्ह्यासारखा पाय जाळ्याने तोडलेला असतो. बघणाऱ्याच्या मनात पहिली ऊर्मी येते ती त्याला परत पाण्यात ढकलण्याची. तसं करू नका. ते थकून किंवा आजारी होऊन बाहेर आलेलं असतं, पाण्यात बुडून मरेल. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका (नाकपुड्या मोकळ्या ठेवून), गर्दी हटवा आणि फोन लावा. महाराष्ट्रात वनखात्याची मदतवाहिनी १९२६. गोव्यात जवळचा जीवरक्षक गाठा, तो वनखात्याला कळवतो. अडकलेलं कासव सोडवायला जाळं कापावं लागलं तर नुकसान मच्छीमाराचं होतं. महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडण्यासाठी कापलेल्या जाळ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण त्यासाठी फोटो लागतात. ओळखीच्या रापणकरांना ही योजना सांगा आणि फोटो काढून द्या. माझ्या अनुभवात दहा व्याख्यानांपेक्षा एवढ्याने जास्त काम होतं.

पाचवं काम: सांडपाणी

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या सर्फरांना पोहून आल्यावर कान, घसा, पोट यांचे आजार होऊ लागले, कारण जवळच न शुद्ध केलेलं सांडपाणी समुद्रात सोडलं जात होतं. १९९० मध्ये त्यांनी सर्फर्स अगेन्स्ट स्यूएज ही संघटना काढली. वेटसूट आणि गॅस मास्क घालून ते आंदोलनाला जात. विनोदी दिसत असे, पण मागणी काटेकोर होती: अंघोळीच्या पाण्याचा कायदा आहे, तो पाळा.

आपल्याकडेही मानक आहे. अंघोळ आणि जलक्रीडेच्या किनारी पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने एसडब्ल्यू-२ हा वर्ग दिला आहे. त्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जीवाणू १०० मिलिलिटरमागे १०० पर्यंत चालतात. राज्य मंडळांच्या पाणी तपासणीच्या अहवालात आपल्या जवळचं ठिकाण शोधा आणि हा एक आकडा बघा. ठिकाण यादीत नसेल तर ते घालावं म्हणून अर्ज करा. हीच पहिली लढाई असते. खाजगी प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घेणार असाल तर तो त्यांच्या माणसाने, त्यांच्या निर्जंतुक बाटलीत घेतलेला हवा. घरच्या बाटलीतल्या पाण्याचा अहवाल कोणी मानत नाही.

स्वतःसाठी एक नियम: जोरदार पाऊस झाला की दोन-तीन दिवस नाल्याच्या तोंडाजवळ उतरायचं नाही, लाट कितीही सुरेख असो.

सहावं काम: लाटच वाचवणं

लाट फुटते ती खालच्या वाळूच्या उंचवट्यामुळे. खाडीच्या मुखाशी वाळू उपसली, दगडी बंधारा घातला की तो उंचवटा सरकतो. स्पेनमधल्या बास्क प्रांतात मुंडाका नावाचं गाव तिथल्या डावीकडे लांब फुटणाऱ्या लाटेसाठी जगभर ओळखलं जातं. २००३ मध्ये खाडीत गाळ उपसला गेला आणि लाट बिघडली. २००५ ची मोठी स्पर्धा रद्द करावी लागली. काही वर्षांनी वाळू परत आली, पण तोवर गावाने लाटेची किंमत मोजलेली होती.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी होते तेव्हा २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे लोकांना किमान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. त्या दिवसांत अहवाल मिळवा आणि वाळूच्या हालचालीचं प्रकरण वाचा: मोजमाप किती महिन्यांचं, पावसाळ्यातलं आहे की नाही. लेखी हरकत द्या, पोच घ्या, आपले फोटो जोडा. "आमचं सर्फिंग जाईल" हा मुद्दा तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी रापणीची जागा, मग मागची घरं आणि माड. उल्लंघन झालं असेल तर राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे तक्रार, आणि तिथे काही हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मात्र तिथवर जायचं तर एकट्याने नाही, पंचायत किंवा मच्छीमार सोसायटी सोबत हवी.

आता बोर्ड, मेण वगैरे

थोडक्यात उरकतो. बोर्ड म्हणजे फोम, काचतंतू आणि रेझिन, त्यातला फोम आणि रेझिन बहुधा खनिज तेलातून आलेलं. सर्वांत चांगला बोर्ड म्हणजे कुणाचा तरी जुना. खोक पडली तर लगेच बुजवा, पाणी प्यायलेला फोम संपतो. पण घासकाम किनाऱ्यावर नको, ती पूड काचेची असते. स्वस्त थर्माकोलचा बोर्ड मुलांना घेऊन देऊ नका, एका सुट्टीत तो मोडतो आणि दाणे समुद्रात जातात. मेण मधमाशीच्या मेणाचं किंवा खोबरेल तेलाचं मिळतं, आणि जुनं खरवडलेलं मेण वाळूत टाकायचं नाही.

सनस्क्रीनबद्दल: हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री १ जानेवारी २०२१ पासून बंद केली, प्रवाळांना त्रास होतो म्हणून. आपल्याकडे मालवणला प्रवाळ आहेत. पण डबीवरची नावं वाचत बसण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा लायक्रा घाला आणि उघड्या नाका-गालांना झिंक ऑक्साईडचा लेप लावा. नव्वद टक्के प्रश्न मिटला.

आणि एक टोचणारं: मेण मधमाशीचं वापरून दर दोन महिन्यांनी विमानाने बालीला जाणाऱ्याने हिशेब पुन्हा तपासावा. (हा टोमणा मला स्वतःलाही लागू आहे.)

पावसाळ्यात

जूनपासून आपल्या किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. नवख्या सर्फरचा हंगाम संपतो, वहीचा नाही. उलट याच महिन्यांत समुद्र सगळ्यात जास्त काही किनाऱ्यावर टाकतो आणि बघायला माणूस नसतो. तुम्ही पुण्या-मुंबईला परतणार असाल तर वही गावातल्या कुणाकडे तरी द्या: होडी शाकारून घरी बसलेला एखादा काका, शाळेतले विज्ञानाचे गुरुजी, शॅकवर काम करणारा मुलगा. खुणेची जागा दाखवून ठेवा, आठवड्याला एक फोटो मागा. नारळी पौर्णिमेला परत याल तेव्हा होड्या पाण्यात ढकलायला माणसं कमी पडत असतात. आधी खांदा द्या. मग काकांकडून वही घ्या आणि डांबरगोळे किती मोठे होते ते विचारा.